हुपरीची चांदी, कोल्हापूरचा गूळ आणि अणूंची सरासरी

हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीत चांदीचं काम एका छताखाली होत नाही. एका घरात आटणी होते, दुसऱ्या घरी तार ओढली जाते, तिसऱ्या घरी कड्या जुळतात, आणखी कुठे घुंगरू बसतात. झिलई होऊन पैंजण पेटीत पडेपर्यंत चांदी अनेक हातांतून फिरलेली असते. हुपरी आणि शेजारच्या रेंदाळसारख्या गावांतून देशभर जाणाऱ्या या चांदीबद्दल रसायनशास्त्राच्या पुस्तकातला तक्ता एक आकडा देतो: अणुवस्तुमान १०७.८७. आकडा बरोबर आहे, रोजच्या वापरातला आहे. तरीही हुपरीत आजवर जेवढी चांदी आटली असेल, तिच्यात १०७.८७ वस्तुमानाचा एकही अणू नव्हता.

चांदीचे अणू दोन जातींचे असतात. प्रोटॉन दोन्हींत ४७च. ते ४७ आहेत म्हणूनच ती चांदी. न्यूट्रॉन मात्र एका जातीत ६० आणि दुसरीत ६२. पहिल्या जातीला चांदी-१०७ म्हणतात, दुसरीला चांदी-१०९. ही चांदीची दोन स्थिर समस्थानिकं. दोघींचा रंग, चकाकी आणि रासायनिक वागणं इतकं सारखं, की कोणत्याही मुशीत, कोणत्याही आम्लात त्या वेगळ्या होत नाहीत. पैंजणाच्या प्रत्येक कडीत दोन्ही जाती मिसळलेल्या असतात. दर एक लाख अणूंमागे ५१,८३९ अणू चांदी-१०७चे आणि ४८,१६१ चांदी-१०९चे.

आता वस्तुमान. चांदी-१०७च्या एका अणूचं वस्तुमान १०६.९०५०९ एकक आहे आणि चांदी-१०९च्या अणूचं १०८.९०४७६ एकक. ही एककं कार्बन-१२ या अणूवरून ठरलेली आहेत: त्याचं वस्तुमान नेमकं १२ मानायचं आणि त्याचा बारावा भाग म्हणजे एक एकक. इथे विद्यार्थी हमखास विचारतो की १०७ नावाच्या अणूचं वस्तुमान १०७ का नाही. प्रोटॉन-न्यूट्रॉन अणुकेंद्रात एकत्र बांधले जाताना त्यांच्या वस्तुमानाचा थोडा अंश ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतो, आणि ही घट प्रत्येक अणुकेंद्रात वेगळी असते. म्हणून पूर्णांक फक्त कार्बन-१२च्या वाट्याला आला, तोही आपण तसा ठरवून दिला म्हणून.

सरासरी काढायची तर प्रत्येक जातीचं वस्तुमान तिच्या वाट्याने गुणायचं आणि बेरीज करायची. १०६.९०५०९ गुणिले ०.५१८३९, म्हणजे ५५.४१८५३. १०८.९०४७६ गुणिले ०.४८१६१, म्हणजे ५२.४४९६२. दोन्ही मिळून १०७.८६८१५. पुस्तकातला आकडा हाच, शेवटची घरं गोळा केलेला. दोनच समस्थानिकं असतील तर याहून सुटसुटीत वाट आहे, आणि मला ती शिकवायलाही जास्त आवडते, कारण तिच्यात अर्थ डोळ्यांना दिसतो. हलक्या जातीपासून सुरुवात करायची: १०६.९०५०९. जड जाती तिच्यापेक्षा १.९९९६७ने जास्त आहे. ढिगातला ४८.१६१ टक्के भाग जड आहे, म्हणजे त्या जादा वजनातलं तेवढंच सरासरीच्या वाट्याला येणार. १.९९९६७ गुणिले ०.४८१६१ म्हणजे ०.९६३०६. हलक्या वस्तुमानात ते मिळवलं की झालं १०७.८६८१५. सरासरी हलक्या टोकाकडून जड टोकाकडे किती सरकली, ते वाट्यावरून कळतं. उत्तर दोन टोकांच्या बाहेर गेलं तर गणित चुकलं हे लगेच ध्यानात येतं, आणि परीक्षेत एवढ्या एका पडताळ्याने बरेच गुण वाचतात.

सर्रास होणारी चूक म्हणजे दोन वस्तुमानांची बेरीज करून दोनाने भागणं. चांदीत ते खपून गेल्यासारखं वाटतं, कारण दोन्ही जाती जवळजवळ निम्म्या-निम्म्या आहेत: १०७.९०५ येतं, खऱ्या आकड्यापासून फार लांब नाही. क्लोरीनला हीच रीत लावली की गाडी घसरते. क्लोरीन-३५चे अणू तीन चतुर्थांश, क्लोरीन-३७चे एक चतुर्थांश. साधी सरासरी ३६ येते आणि खरी ३५.४५ आहे. बाजार समितीत गुळाचे तीन रवे दहा किलोचे आणि एक रवा पाच किलोचा उतरला, तर रव्यामागे सरासरी वजन पावणेनऊ किलो होतं, साडेसात नव्हे, आणि पावणेनऊ किलोचा रवा त्या गाडीत एकही नसतो.

दुसरी एक गफलत जास्त सूक्ष्म आहे. समस्थानिकांची टक्केवारी ही अणूंच्या संख्येची असते, वजनाची नाही. चांदीच्या व्यवहारात टक्केवारी म्हटलं की वजनच डोळ्यांपुढे येतं. टंच काढणारा ९२.५ म्हणाला, तर शंभर ग्रॅममध्ये साडेब्याण्णव ग्रॅम चांदी आणि उरलेले साडेसात ग्रॅम दुसरा धातू, बहुधा तांबं. आता हाच तुकडा अणू मोजणाऱ्याच्या हाती देऊ. साडेब्याण्णवला १०७.८७ने भागलं की ०.८५७५ येतं. साडेसातला तांब्याच्या ६३.५५ या अणुवस्तुमानाने भागलं की ०.११८०. एकूण ०.९७५५ पैकी चांदी ८७.९ टक्के, तांबं १२.१ टक्के. वजनाने साडेसात टक्के असलेलं तांबं संख्येने बारा टक्के भरलं, कारण तांब्याचा अणू चांदीच्या मानाने हलका आहे. साडेसात ग्रॅममध्ये तो जास्त संख्येने मावतो. टंच काढणारा आणि रसायनशास्त्रज्ञ दोघंही खरं बोलतात. एक तोलतो, दुसरा मोजतो. तक्त्यातलं अणुवस्तुमान हे या दोघांमधला पूल आहे. काट्यावरचे ग्रॅम त्याने भागले की अणूंची संख्या कळते, आणि रसायनशास्त्राला सगळा रस संख्येत असतो, कारण अभिक्रियेत अणू एकास एक, एकास दोन असे जुळतात.

शंभर ग्रॅम शुद्ध चांदीत किती अणू असतात? ५५८ लिहून पुढे २१ शून्यं द्यावी लागतात. संख्या एवढी अफाट असल्यामुळेच सरासरी स्थिर राहते. नाणं दहा वेळा उडवलं तर सात वेळा छापा येऊ शकतो; अब्जावधी वेळा उडवलं तर निम्म्यापासून ढळणं नगण्य होतं. चिमूटभर चांदीतही नशिबाने चांदी-१०९ जास्त पडली, असं घडत नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचे मामा, संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार, यांनी ज्या विषयाला आयुष्य वाहिलं त्या विषयाचा हा पहिला धडा. नमुना मोठा होत गेला की सरासरी आपल्या जागी घट्ट बसते.

शिवाय आटणीत चांदी सतत मिसळत असते. हुपरीच्या मुशीत नवी चांदी पडते, तशी जुन्या दागिन्यांची मोडही पडते. कुणाच्या आजीचे वाळे, कुठल्याशा खाणीतून आलेली वीट, सगळं एकजीव होतं. जगभरच्या खाणींमधल्या चांदीतही दोन्ही जातींचं गुणोत्तर जवळजवळ सारखं असतं; फरक असतात ते दहा हजारांत काही भाग इतके बारीक. त्यामुळे १०७.८६८२ हा आकडा हुपरीला लागू आहे, मेक्सिकोला आहे आणि पेरूलाही.

हा आकडा हाती यायला मात्र शंभराहून जास्त वर्षं लागली. १८१५ साली इंग्लंडमधल्या विल्यम प्राउट या डॉक्टरने मांडलं, की सगळ्या मूलद्रव्यांची अणुवस्तुमानं हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असतात, म्हणजे सगळे अणू हायड्रोजनपासूनच घडलेले असावेत. कल्पना मोहक होती आणि पुष्कळ मूलद्रव्यांत जुळतही होती. क्लोरीनचे साडेपस्तीस तेवढे अडून बसले. बेल्जियमच्या जाँ स्तासने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्षानुवर्षं खपून अणुवस्तुमानं मोजली, आणि ती पूर्ण पटीत बसत नाहीत हे दाखवून दिलं. या सगळ्या मोजणीत मापदंड होता चांदीचा. चांदीचं नायट्रेट आणि क्लोराइड एकत्र आले की पांढरा साका खाली बसतो; महाविद्यालयात प्रत्येक विद्यार्थ्याने तो परीक्षानळीत पाहिलेला असतो. तो साका धुऊन, वाळवून, तोलला की अमुक चांदीला तमुक क्लोरीन लागतं हे कळतं. अशी एकेक मूलद्रव्याची गाठ चांदीशी घालून रसायनशास्त्रज्ञांनी अख्खा तक्ता उभा केला. अमेरिकेच्या हार्वर्डमध्ये थिओडोर रिचर्ड्सने हेच तोलणं इतक्या काटेकोरपणे केलं, की २५ मूलद्रव्यांच्या अणुवस्तुमानांसाठी त्याला १९१४चं नोबेल मिळालं.

मला इतिहासाचा हा तुकडा फार विलक्षण वाटतो. ही माणसं दशांशाच्या चौथ्या घरासाठी जिवाचं रान करत होती आणि आपण नेमकं काय मोजतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. एका अणूचं वजन काढतो आहोत असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात ती मिसळीची सरासरी काढत होती. धागा रिचर्ड्सच्याच हाती लागला. १९१४ साली त्याने युरेनियमच्या खनिजांतून आलेलं शिसं तोललं, तर ते नेहमीच्या २०७.२ ऐवजी २०७च्या खाली भरलं. शिसं तेच, रासायनिक गुण तेच, वजन वेगळं. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रेडरिक सॉडीने समस्थानिकांची कल्पना मांडली होती, आणि तिला हा तराजूवरचा पुरावा मिळाला. पुढे १९१९ साली केंब्रिजमध्ये फ्रान्सिस ॲस्टनने अणूंना विद्युतभारित करून, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून वळवून, वस्तुमानाप्रमाणे वेगवेगळं पाडणारं यंत्र उभारलं. क्लोरीनच्या जागी दोन रेषा उमटल्या: ३५ आणि ३७. साडेपस्तीसला कुठेच रेष नव्हती. शंभर वर्षांचं कोडं एका छायाचित्राच्या पट्टीवर सुटलं, आणि प्राउट अगदीच चुकला नव्हता हेही कळलं.

तेव्हापासून अणुवस्तुमान काढायची रीतच पालटली. साका तोलण्याऐवजी मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातींचं गुणोत्तर मोजायचं, त्यांची स्वतंत्र वस्तुमानं घ्यायची आणि भारित सरासरी काढायची. चांदीचं गुणोत्तर १९८२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत असंच ठरवलं गेलं. वर आपण वापरलेले ५१.८३९ आणि ४८.१६१ हे वाटे त्याच मोजणीचे.

वाटे असेच का? चांदी पृथ्वीवर घडलेली नाही. लोखंडाच्या पलीकडची जड मूलद्रव्यं ताऱ्यांमधल्या आणि त्यांच्या स्फोटक अंतांमधल्या न्यूट्रॉनच्या माऱ्यातून घडतात. हे चित्र १९५७ साली ज्या चौघांनी विस्ताराने मांडलं त्यांतले फ्रेड हॉइल हे नारळीकरांचे गुरू. सूर्यमाला घडली तेव्हा ज्या ढगातून घडली, त्यातली मिसळ आपल्या वाट्याला आली. तिच्यात भर पडल्याचं एक उदाहरणही सापडलं आहे. मेक्सिकोतल्या सांता क्लारा इथल्या लोहउल्केत चांदी-१०७ नेहमीपेक्षा जास्त आढळली. पॅलेडियम-१०७ हा किरणोत्सारी अणू ६५ लाख वर्षांत निम्मा होतो आणि त्याची चांदी-१०७ बनते. त्या उल्केत सुरुवातीला जिवंत पॅलेडियम होतं, ते विरून ही जादा चांदी मागे राहिली. त्या उल्केतल्या चांदीला १०७.८७ हा आकडा चालणार नाही. सरासरी ढिगाची असते. ढीग बदलला की तीही बदलते.

कोल्हापूर जिल्ह्यातच या मिसळीचं दुसरं टोकही आहे. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडीच्या पठारावर बॉक्साइटच्या खाणी आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावरचा जांभा, पावसाने लाखो वर्षं धुऊन काढलेला, आणि त्यात साठलेलं ॲल्युमिनियमचं खनिज. ॲल्युमिनियमचं निसर्गात एकच स्थिर समस्थानिक आहे: १३ प्रोटॉन, १४ न्यूट्रॉन. तिथे सरासरी काढायला काही उरतच नाही. अणुवस्तुमान २६.९८१५३८, आणि प्रत्येक अणू खरोखर तेवढाच. म्हणूनच ॲल्युमिनियम, सोनं, सोडियम अशा एकजातीय मूलद्रव्यांची अणुवस्तुमानं तक्त्यात सगळ्यांत जास्त दशांशस्थळांपर्यंत दिलेली दिसतील. शिरोलीच्या फाउंड्रीतलं लोखंड मध्ये कुठेतरी बसतं: चार समस्थानिकं, पण ९१.७५ टक्के अणू एकट्या लोखंड-५६चे. त्याचं वस्तुमान ५५.९३५ आणि सरासरी ५५.८४५, म्हणजे बहुसंख्यांच्या किंचित खाली, कारण ५.८ टक्के लोखंड-५४ ती खाली ओढतं.

आता गुळाकडे यायला हवं, कारण सगळ्यांत गमतीचं गणित तिथे आहे. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. करवीर, पन्हाळा, कागलच्या बाजूला हंगामात गुऱ्हाळं पेटली की वास मैलभर जातो. चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो, भेंडीच्या रोपाचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढतात, चुलवाणात चिपाडं जळत राहतात, आणि गुळव्या उकळीचा रंग, बुडबुड्यांचा आवाज आणि पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी पाहून काहील उतरवायची वेळ सांगतो. त्या रव्यातला मोठा हिस्सा कार्बनचा आहे. साखरेच्या शंभर ग्रॅममध्ये ४२ ग्रॅम कार्बन असतो.

कार्बनच्या स्थिर जाती दोन: कार्बन-१२, वस्तुमान नेमकं १२, आणि कार्बन-१३, वस्तुमान १३.००३३५. पुस्तकात वाटे ९८.९३ आणि १.०७ टक्के दिलेले असतात. सोप्या रीतीने १२ अधिक १.००३३५ गुणिले ०.०१०७, म्हणजे १२.०१०७. पण हे वाटे चांदीसारखे सगळीकडे सारखे नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड पानात शिरतो तेव्हा वनस्पती हलक्या कार्बनला झुकतं माप देते. आंबा, जांभूळ, हिरडा, भात, गहू, भुईमूग या बहुसंख्य वनस्पतींमध्ये हवेतला कार्बन पकडणारं मुख्य विकर कार्बन-१३वाले रेणू बऱ्यापैकी टाळतं. ऊस मात्र वेगळ्या घराण्यातला. हवाईतल्या ऊस संशोधकांना १९५०-६०च्या दशकांत दिसलं, की उसात कार्बन आधी चार कार्बनांच्या आम्लात बांधला जातो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली तो मार्ग उलगडला. चार कार्बनांमुळे त्याला सी-४ म्हणतात; ज्वारी, बाजरी, मका त्याच घराण्यातले, आणि उरलेले सी-३. सी-४मध्ये पहिलं पाऊल टाकणारं विकर जड-हलकं फारसं पाहत नाही, आणि एकदा आत घेतलेला कार्बन सहसा बाहेर निसटू दिला जात नाही. त्यामुळे उसात कार्बन-१३ थोडा जास्त राहतो.

हा फरक इतका छोटा असतो, की शास्त्रज्ञ तो टक्क्यांत न मांडता एका ठरावीक प्रमाणाच्या तुलनेत दर हजारी मांडतात. त्या प्रमाणात एका कार्बन-१३ला साधारण ८९ कार्बन-१२ पडतात. सी-३ वनस्पती त्याच्यापेक्षा हजारी २५-२७ने कमी, म्हणजे उणे २५, उणे २७. उसाची साखर उणे १२च्या आसपास. अणूंच्या भाषेत सांगायचं तर दर दहा लाख कार्बन अणूंत गुळात सुमारे १०,९२० कार्बन-१३ असतात आणि जांभळीच्या मधात १०,७७०च्या आसपास. दहा लाखांत दीडशेचा फरक. अणुवस्तुमानात तो उतरवला तर कोल्हापुरी गुळातल्या कार्बनचं सरासरी अणुवस्तुमान १२.०११० भरतं आणि पश्चिम घाटातल्या झाडांच्या मधातलं १२.०१०८. चौथ्या दशांशात दोनाचा फरक, आणि तो खरा आहे, पुन्हापुन्हा मोजता येतो.

म्हणूनच २००९ साली अणुवस्तुमानांचा तक्ता राखणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, क्लोरीन यांसह दहा मूलद्रव्यांना एकच आकडा देणं थांबवलं आणि पट्टा द्यायला सुरुवात केली. कार्बनचा पट्टा १२.००९६ ते १२.०११६. शाळेसाठी १२.०११ चालतंच. पण कुणी काटेकोर विचारलं, तर आधी उलट विचारावं लागतं: कुठला कार्बन?

हा पट्टा पुढे माणसांपर्यंतही पोचतो. म्हैस ज्वारीचा कडबा आणि उसाचं वाढं खाते, तेव्हा तिच्या दुधातला कार्बन जरा जड होतो. ज्वारीची भाकरी आणि गूळ खाणाऱ्या माणसाच्या केसातला कार्बन भात-मासे खाणाऱ्याच्या केसातल्या कार्बनपेक्षा किंचित जड असतो. चुलवाणातून चिपाडाचा धूर निघतो त्यातही उसाची खूण असते, तर कोळसा आणि पेट्रोल प्राचीन जीवांपासून बनल्याने त्यांचा धूर हलका. गेल्या शतकभरात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी हळूहळू खाली सरकली आहे, आणि ती कशामुळे सरकली हे याच खुणेने पकडलं.

व्यवहारात या सगळ्याचा सर्वांत मोठा उपयोग मधाच्या तपासणीत झाला. आंबा घाटात, आजऱ्यात किंवा राधानगरीच्या जंगलात मधमाश्या ज्या फुलांवर जातात ती जवळजवळ सगळी सी-३. त्यात कुणी उसाच्या साखरेचा पाक घातला तर चव, रंग, दाटपणा जुळवता येतो. कार्बन जुळत नाही. इथे भारित सरासरीचं गणित उलटं चालवायचं असतं. नेहमी वाटे माहीत असतात आणि सरासरी काढायची असते. इथे सरासरी मोजलेली असते आणि वाटे काढायचे असतात. मधातली प्रथिनं माशीकडून आणि परागकणांतून आलेली असतात, त्यांत पाकाची भेसळ होत नाही, म्हणून त्यांचा आकडा हा त्या मधाचा मूळ आकडा धरतात. समजा प्रथिनं उणे २५.० दाखवतात आणि मध स्वतः उणे २३.८. मध १.२ने सरकलेला आहे. प्रमाणित पद्धतीत सी-४ साखरेसाठी उणे ९.७ हा आकडा धरतात, म्हणजे दोन टोकांमधलं पूर्ण अंतर १५.३. त्यातला १.२ म्हणजे ७.८ टक्के. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकात सी-४ साखरेची मर्यादा ७ टक्के आहे. हा मध नापास. चांदीत वापरलेली तीच सुटसुटीत वाट, फक्त मागून पुढे चाललेली.

या चाचणीला बगल देण्याची वाट भेसळ करणाऱ्यांनी शोधलीच. भात सी-३ आहे. तांदळापासून केलेला पाक मधात घातला तर कार्बनची सरासरी हलत नाही, आणि ही चाचणी काहीच सांगत नाही. त्यासाठी वेगळ्या तपासण्या लावाव्या लागतात. कोल्हापूरच्या दृष्टीने महत्त्वाची उणीव मात्र दुसरी आहे. गुळात साखर मिसळण्याची तक्रार जुनी आहे, आणि अस्सल गुळव्यांच्या कष्टांवर ती थेट घाला घालते. पण साखरही उसाची, गूळही उसाचा. दोन्ही उणे १२च्या जवळ. दोन सारख्या आकड्यांची सरासरी तीच येते, मग मिसळ कितीही असो. कार्बनचं हे हत्यार तिथे बोथट आहे, आणि खनिजद्रव्यं, रंग, स्फटिकांची ठेवण अशा दुसऱ्या खुणांकडेच वळावं लागतं.

गोव्यातल्या माडाच्या गुळाचं तसं नाही. माड सी-३, त्याच्या सुरेपासून आटवलेल्या गुळाचा कार्बन उणे २५च्या आसपास धरता येईल. त्या गुळाचा एक नमुना समजा उणे १७ भरला. उणे २५पासून उसाच्या उणे १२पर्यंतचं अंतर १३. नमुना त्यातले ८ सरकला. आठ भागिले तेरा, म्हणजे त्यातला सुमारे साडेएकसष्ट टक्के कार्बन उसाचा.